पाच नंबरचे डबे : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातील पत्र्याच्या डब्यांनी अखेर मान टाकली. तळाला गंज धरला होता आणि झाकणे लावताना दोन हात व एक गुडघा लागत असे. म्हणून पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीतून पारदर्शक प्लास्टिकच्या बारा डब्यांचा एक संच १,२६० रुपयांना आणला. अर्धा, एक आणि दोन लिटर अशा तीन मापांचे प्रत्येकी चार चौकोनी डबे, निळी झाकणे, झाकणाच्या चारी बाजूंना खटके आणि आतून रबरी कडे, असे त्याचे स्वरूप आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे डबे डझनभर नावांनी बाजारात मिळतात आणि जे बरेवाईट मी सांगणार आहे ते बहुतेक त्या नावाचे नसून डब्याच्या मालाचे आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणाऱ्या, मशिनवर बावीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. डबा हातात आला की मी आधी तो उलटा करतो. आमच्या सौभाग्यवती झाकण उघडून आत नाक घालतात. दोन्ही परीक्षा आपापल्या जागी योग्य आहेत. या डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण, त्यात ५ हा आकडा आणि खाली ‘पीपी’ अशी अक्षरे स्पष्ट उठलेली होती. शेजारी रुपयाच्या नाण्याहून लहान असे एक वर्तुळ होते, ज्यात बारा महिन्यांचे आकडे, मधोमध वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण असतो; म्हणजे तो डबा कोणत्या महिन्यात साच्यातून बाहेर पडला ते त्यावरून कळते. माल साच्यात जिथून शिरतो ती जागा, जिला आम्ही गेट म्हणतो, तळाच्या मध्यावर एका उथळ खळग्यात होती, त्यामुळे डबा ओट्यावर डुगडुगत नाही. कडेला कुठेही पातळ पापुद्रा सुटलेला नव्हता. साचा चांगल्या कारागिराने केला आहे, हे एवढ्यावरून सांगता येते.

नाकाच्या परीक्षेतही डबे उतरले. जुने प्लास्टिक दळून पुन्हा वापरलेल्या मालाचा डबा उघडताच एक जळकट, ओशट वास येतो. तसा वास नव्हता.

त्रिकोणातील ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कारखान्यात त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, ‘पीपीचा दाणा’ एवढेच म्हणतात, आणि पंचवीस किलोच्या गोणीतून आलेला तो साबुदाण्यासारखा दाणा मशिनच्या नरसाळ्यात ओतला की दुसऱ्या टोकाने बादली, डबा, कंगवा, बाटलीचे बूच, जे साच्यात असेल ते बाहेर पडते. गंमत अशी की तो दाणा ज्या गोणीतून येतो ती पांढरी विणलेली गोणीही बहुधा याच प्लास्टिकच्या पट्ट्यांची असते, आणि रेशनच्या तांदळाची, खताची, साखरेची गोणीही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे कवच, मोटारीचा बंपर, मांडवातील एकावर एक रचलेल्या खुर्च्या, इंजेक्शनच्या सिरिंजची नळी, बिस्किटांच्या पुड्याचे चकचकीत वेष्टन, खोक्यावरची खाकी चिकटपट्टी, या सगळ्यांत तेच असते. २०२० साली आपण ज्या मास्कसाठी औषधाच्या दुकानासमोर रांगा लावल्या, त्या मास्कच्या मधल्या गाळणाऱ्या थराचे केसाहून बारीक तंतूही पॉलिप्रॉपिलीनचेच होते. इतका सर्वत्र असलेला हा पदार्थ आपण नावाने मात्र ओळखत नाही. सगळ्यालाच ‘प्लास्टिक’ म्हणतो आणि सगळ्यालाच एका मापाने शिव्या देतो.

त्याच्या जन्माची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण डब्याचा कडकपणा तिच्याशी जोडलेला आहे. इटलीतील मिलान येथे जुलिओ नाट्टा यांनी मार्च १९५४ मध्ये, कार्ल झिगलर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने, प्रॉपिलीन वायूपासून घट्ट व कडक होणारे पॉलिप्रॉपिलीन तयार केले. १९५७ पासून इटलीत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि १९६३ साली दोघांना मिळून रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी साधले ते असे. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरावर कार्बनचा एकेक छोटा गट बाजूला लोंबत असतो. पंगतीत चटणी-कोशिंबीर जशी प्रत्येक पानावर डावीकडेच वाढतात, तसा हा गट प्रत्येक ठिकाणी एकाच अंगाला आला, तर साखळ्या एकमेकींना लागून नीट बसतात आणि माल कडक होतो. वाढप्याने कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे असे हवे तसे वाढले, तर हाती चिकट, मऊ लगदा येतो, जो फार तर डिंकाच्या कामाचा. नाट्टांच्या उत्प्रेरकाने वाढप्याला शिस्त लावली, असे म्हणायला हरकत नाही.

मूळचे पॉलिप्रॉपिलीन दुधी रंगाचे असते. आमचे डबे काचेसारखे नसले तरी आतली डाळ तुरीची की मुगाची हे बाहेरून कळेल इतके पारदर्शक आहेत, म्हणजे त्यात थोडे एथिलीन (ज्या वायूपासून पॉलिथीन बनते तो) मिसळलेला दाणा आणि पारदर्शकता आणणारे द्रव्य वापरलेले असावे. असा दाणा दिसायला देखणा असतो, पण साध्या दाण्यापेक्षा थोड्या कमी तापमानाला मऊ पडतो. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा अनुभव सांगायचा आहे.

आता वापराविषयी. आणल्यापासून दोन पावसाळे लागले. एक पूर्ण गेला, दुसरा चालू आहे. डब्यांचा खरा कस पावसाळ्यातच लागतो आणि तिथे त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. अर्ध्या लिटरच्या एका डब्यात मीठ ठेवले होते. गेल्या जुलैत सलग आठ दिवस ऊन दिसले नाही, भिंतींना ओल आली, काड्यापेटी पेटेना. पण त्या मिठाला पाणी सुटले नाही, चमचा घातला की ते वाळूसारखे सरसरत होते. पॉलिप्रॉपिलीनमधून पाण्याची वाफ फारच थोडी आरपार जाते आणि झाकणाचे रबरी कडे नीट दाबून बसले, तर उरलीसुरली वाटही बंद होते. डाळी, रवा, पोहे, गूळ यांची तक्रार नाही. गुळाला पूर्वी मुंग्या लागत, त्याही बंद झाल्या.

दिवाळीच्या फराळाने मात्र वेगळी गोष्ट शिकवली. दोन लिटरच्या डब्यातल्या चकल्या तीन आठवड्यांनंतरही कुरकुरीत होत्या, पण तोंडात टाकताच खवट लागल्या. मऊ पडल्या नाहीत आणि खराब झाल्या, हे घरात कोणालाच पटेना. तेलावर खापर फुटले, चकली तळणाऱ्यावरही फुटले. दोष दोघांचाही नव्हता. हे प्लास्टिक वाफेला अडवते, पण प्राणवायूला फारसे अडवत नाही, शिवाय डबा रोज उघडला की नवी हवा आत जातेच, आणि तळणीचे तेल प्राणवायूने खवटते. वेफर्सच्या पाकिटाला आतून जो चंदेरी थर असतो तो शोभेसाठी नव्हे, तर हवा आणि उजेड अडवण्यासाठी असतो. तेव्हा शंकरपाळ्या-चकल्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपणार असतील तर या डब्यांत खुशाल ठेवाव्यात. पौष उजाडेपर्यंत पुरवून खायच्या असतील तर ठेवू नयेत.

हळदीचा विषय टाळता येणार नाही. मराठी घरात प्लास्टिकचा डबा आणि हळद यांची गाठ पडणारच. संच आणल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका डब्यात उरलेली अंडा-करी रात्रभर फ्रीजमध्ये राहिली आणि सकाळी डब्याला आतून, रस्सा जिथपर्यंत होता तिथपर्यंत, पिवळीधमक रेघ आली. साबण, चिंच, खाण्याचा सोडा, सगळे उपाय झाले. हळदीतील रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि पॉलिप्रॉपिलीनची प्रकृती तेलाशी जुळणारी असल्याने तेल त्याच्या पृष्ठभागात मुरते व जाताना रंग घेऊन जाते. मग घासून तो निघणार कसा? तारेच्या घासणीने तर मुळीच घासू नये, कारण तिने पडलेल्या बारीक चरांत पुढचे तेल अधिक मुरते. उपाय एकच चालला. ओला डबा दुपारच्या उन्हात दोन दिवस पालथा नव्हे, उताणा ठेवला आणि हळदीचा रंग उन्हाने उडाला, जसा हळदीकुंकवाच्या साडीवरचा डाग उन्हात फिकटतो. थोडी पिवळसर झाक कोपऱ्यांत उरली आहे, ती आता आमच्या घराचीच झाली.

हिंगाचे तेच. ज्या डब्यात एकदा हिंगाची पुडी ठेवली तो डबा आता हिंगाचाच. लोणचे तर यात घालूच नये. तेल, आंबटपणा आणि वास या तिन्हींसाठी आमच्या आईची चिनी मातीची बरणी अजून फळीवर आहे आणि तिला पर्याय मला दिसलेला नाही.

डब्यावरच्या कागदी पट्टीवर ‘मायक्रोवेव्ह-सेफ’ असे ठळक छापलेले आहे. वरण, भात, भाजी गरम करताना काहीही झाले नाही, आणि होऊही नये, कारण पॉलिप्रॉपिलीन त्या लहरींनी स्वतः फारसे तापत नाही व अन्नात पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. साधे पॉलिप्रॉपिलीन वितळते १६० अंशांच्या पुढे, पारदर्शक प्रकार त्याहून थोडा आधी. पण मिसळीची तर्री ही पाण्याची गोष्ट नाही. गेल्या श्रावणाआधीच्या रविवारी उरलेली तर्री एका डब्यात घालून चिरंजीवांनी तीन मिनिटे लावली. बाहेर काढली तेव्हा डबा शाबूत होता, पण तेलाचा तवंग जिथे कडेला टेकला होता तिथे बोटभर रुंदीचा पट्टा खरबरीत झाला होता. बोट फिरवले तर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे लागत होते. तेल आणि साखरेचा पाक शंभर अंशांवर थांबत नाहीत. पट्टीवर हे एका ओळीत लिहिता आले असते. त्याऐवजी तिथे ‘बीपीए-मुक्त’ लिहिले आहे. ते खरे आहे, पण शेंगदाण्याच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ लिहावे तितकेच. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए हा पॉलिकार्बोनेट नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचा घटक आहे. पॉलिप्रॉपिलीन बनवायला तो लागतच नाही.

पट्टीवर असायला हवा होता तो आयएस १०९१० या भारतीय मानकाचा उल्लेख. अन्न, औषधे व पिण्याचे पाणी यांच्या संपर्कात येणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनसाठी ते मानक आहे, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. संच घेताना मी स्वतः फक्त त्रिकोण पाहिला आणि समाधान मानले, ही माझी चूक. त्रिकोण माल कोणता ते सांगतो. तो नवा की दळलेला, खाण्याच्या कामाचा की बादलीच्या, हे सांगत नाही.

उकळत्या पदार्थांबद्दल मी आता पूर्वीपेक्षा जपून आहे. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्यांत बाळाचे दूध कालवण्याच्या पद्धतीने ७० अंशांचे पाणी घालून हलवून पाहिले, तेव्हा लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटलेले आढळले. पाणी जितके गरम, तितके कण जास्त. त्या कणांनी शरीराचे नेमके काय होते हे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही. घाबरून डबे टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही, पण गॅसवरून उतरलेले सार थेट डब्यात ओतणे आमच्याकडे बंद झाले आहे. आधी पातेल्यात निवू द्यायचे, गरम करायचे तर काचेच्या भांड्यात. नातीच्या खिरीसाठी तर स्टीलची वाटीच.

थंडीचा अनुभव अधिक वाईट. खोवलेला नारळ भरलेला एक डबा फ्रीझरमधून काढताना हातातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचा कोपरा टवका उडावा तसा फुटला. तोच डबा रिकामा असताना ओट्यावरून चारदा पडून टणाटण उड्या मारून गेला होता. शून्याच्या आसपास आणि खाली पॉलिप्रॉपिलीनची लवचिकता जाते व ते काचेच्या स्वभावावर येते. जास्त एथिलीन घालून केलेला दाणा ही खोड बरीच कमी करतो, पण त्याने पारदर्शकता जाते. कंपनीने देखणेपण निवडले आणि पट्टीवर ‘फ्रीझर-सेफ’ही छापले. दोन्ही एकदम करणे तिला शोभत नाही.

सज्जात ठेवलेल्या डब्याची गोष्ट मात्र कंपनीच्या माथी मारणार नाही. फुटलेल्या कोपऱ्याचा तो डबा कढीपत्त्याच्या कुंडीजवळ खुरपे-दोरा ठेवायला दिला होता. उन्हाचे काही महिने गेले आणि एप्रिलच्या शेवटी तो उचलायला गेलो, तर कड बोटात राहिली आणि बाकीचा डबा खाली. पृष्ठभागावर खडूसारखी पूड धरली होती. उन्हातील अतिनील किरण या प्लास्टिकच्या साखळ्या तोडतात. बाहेर वापरायच्या खुर्च्यांत व दोऱ्यांत म्हणूनच किरणांना तोंड देणारे द्रव्य मिसळतात. शेतावर वर्षभर उन्हात पडलेली खताची गोणी उचलताना हातात तिच्या धाग्यांचा भुगा येतो, तोच हा प्रकार. हळदीच्या डागासाठी दोन दुपारी चालतील, पण डबे वाळवण्याची कायमची जागा सज्जा नव्हे.

आता झाकण. सर्वांत जास्त सांगण्यासारखे तिथेच आहे. चारी खटके झाकणाला वेगळ्या बिजागरीने जोडलेले नाहीत; झाकण आणि खटका एकाच दमात साच्यातून निघतो आणि दोघांमध्ये जाड कागदाएवढा पातळ पट्टा ठेवलेला असतो, तोच बिजागरी. ही पॉलिप्रॉपिलीनची खास करामत आहे. शाम्पूच्या बाटलीचे टपकन उघडणारे बूचही असेच असते. माल साच्यातून बाहेर पडून गरम असतानाच तो पट्टा एकदा-दोनदा वाकवला, की त्यातील साखळ्या वाकण्याच्या दिशेने ताणल्या जाऊन ओळीने लागतात आणि मग ती बिजागरी हजारो वेळा उघडझाप सोसते. आमच्या कारखान्यात कामाच्या पाळीच्या सुरुवातीला एक बाई फक्त या कामाला असे. डावा हात, उजवा हात, खट्-खट्, आणि झाकण टोपलीत. ज्या दिवशी ती रजेवर, त्या दिवसाची झाकणे तीन महिन्यांनी तक्रारीत परत येत.

आमच्या संचातील अकरा झाकणे उत्तम आहेत. वाकवले की निळ्या पट्ट्यावर पांढुरकी रेघ उमटते आणि सोडले की पुसट होते. चहा-साखरेचा डबा दिवसातून सात-आठ वेळा उघडतो, तरी त्याचे खटके नव्यासारखे वाजतात. बारावे झाकण मात्र दहाव्या महिन्यात एका बाजूने तुटले. भिंग घेऊन पाहिले तेव्हा पट्ट्यावर आडवी, केसासारखी रेघ दिसली. साच्यात दोन बाजूंनी आलेला वितळलेला माल नेमका तिथे भेटला होता आणि पुरता एकजीव झाला नव्हता. माल ओतण्याची जागा चुकली किंवा साचा त्या दिवशी थंड होता. कंपनीला फोटोसह कळवले. उत्तर चार दिवसांत आले, नम्रही होते, आणि त्यात लिहिले होते की झाकण सुटे मिळत नाही, पूर्ण संच घ्यावा. एका खटक्यासाठी बारा डबे!

झाकणावर त्रिकोणही नाही. डबा भंगारात जाईल तेव्हा भंगारवाला त्याला पीपीच्या ढिगात टाकील, पण झाकण कुठे टाकील हे त्याच्या बोटांच्या अंदाजावर. रबरी कडे काढता येते, आणि महिन्यातून एकदा काढावेच. त्याच्या खाचेत कणीक व ओल साचून काळी बुरशी धरते. दात कोरायच्या काडीने ते सहज निघते, बसवताना मात्र कोपऱ्यांत संयम लागतो.

एकंदरीत, कोरड्या जिनसांसाठी हा संच मी पुन्हा घेईन आणि पाचपैकी चार गुण देईन. उरलेल्या अन्नासाठी तीन. फ्रीझरसाठी एक, तोही भीडेखातर. एक लिटरचा डबा झाकणासकट १४२ ग्रॅम भरतो, म्हणजे भिंती जाड आहेत आणि फळीवर चार डबे एकावर एक रचले तरी खालचा फुगत नाही. पट्टीवरील मजकुराला गुण देण्याचे मी टाळतो.

तुटलेले झाकण घेऊन मागच्या पंधरवड्यात पुन्हा बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “काका, सुटं नाही मिळत हो. पण थांबा.” गल्ल्याखालून त्याने एक खोके ओढले. त्यात निरनिराळ्या संचांची पोरकी झाकणे होती, हिरवी, तांबडी, एक तर जांभळे. पाच-सात लावून पाहिल्यावर एक तांबडे झाकण बसले. पंधरा रुपये घेतले आणि कापडासारख्या दिसणाऱ्या पिशवीत घालून दिले. ती पिशवीही न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत जिचे नाव होते तीच जात. पिशवी मी तिथेच परत केली आणि झाकण खिशात घातले. त्याचे तीन खटके लागतात, चौथा लागत नाही. त्या डब्यात आता शेंगदाणे आहेत, आणि ते आमच्याकडे सादळण्याइतके टिकत नाहीत.